नायजेरियाचं तेल आणि दोन भावांमधलं अंतर

प्रश्न दोन भागांत आला आहे. नायजेरियाकडे एवढं तेल असून देश गरीब का राहिला, भ्रष्टाचाराखेरीज त्याला काही कारण आहे का. आणि २०२३ मध्ये पेट्रोलची सबसिडी बंद केली, नायरा हे तिथलं चलन बाजारभावावर मोकळं सोडलं, म्हणजे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं सगळं केलं, तरी सामान्य माणूस आणखी खंगला कसा.

मी अर्थशास्त्री नाही, कॉस्ट अकाउंटंट आहे. लागोसच्या इकेजा भागात प्लास्टिकची पोती विणणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षं हिशेब आणि आयात सांभाळली. तेव्हा माझं उत्तर डिझेलची बिलं, बँकेची पत्रं आणि बंदरातल्या पावत्यांच्या वाटेने येईल. मोठी मोठी सूत्रं तुम्हाला इतरत्र मिळतील.

आधी एक भागाकार करू. नायजेरियाचं तेल दिवसाला साधारण १५ लाख बॅरल धरा आणि भाव ७५ डॉलर. दिवसाचे झाले सव्वाअकरा कोटी डॉलर. लोकसंख्या २२ कोटींच्या वर. माणशी आले अर्धा डॉलर, म्हणजे चाळीस-बेचाळीस रुपये. तेही विहिरीचा खर्च, कंपन्यांचा वाटा आणि वाटेतली चोरी वजा करण्याआधी. नॉर्वेत तेल याहून थोडंच जास्त निघतं, पण खाणारी तोंडं पंचावन्न लाख. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात आणि शंभर एकरांच्या वाड्यातल्या पोराच्या वाट्याला शेवटी चार गुंठे येतात, तरी गावात तो जमीनदाराचा पोरगाच असतो. नायजेरियाचं तसं आहे. ‘तेलसंपन्न’ हे विशेषण त्याला चिकटलं. संपन्नता माणशी वाटली तर दोन वेळच्या जेवणालाही पुरत नाही.

मग तेलाने एवढं काय बिघडवलं? पैसा थोडा असला तरी तो एकाच नळाने येतो, डॉलरमध्ये येतो आणि थेट सरकारी हौदात पडतो. त्या हौदातले डॉलर कोणाला, किती भावाने द्यायचे हे सरकार ठरवतं. त्या तेलापासून बनलेलं पेट्रोल लोकांना कितीला विकायचं हेही सरकारच ठरवतं. बाजाराचा भाव एक आणि सरकारचा भाव दुसरा. माझ्या मते नायजेरियाच्या अर्थव्यवस्थेतला सर्वांत मोठा धंदा तेलाचा नाहीच, या दोन भावांमधल्या अंतराचा आहे. बाकी बरंचसं त्यातून उगवलं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली आलं. देशात येणारे डॉलर आटले. अशा वेळी चलन घसरू द्यावं लागतं, पण तिथल्या मध्यवर्ती बँकेने आधी भाव धरून ठेवला आणि मग थोडाथोडा सोडला. जून २०१५ मध्ये तिने ४१ वस्तूंची यादी काढली होती. या वस्तू आणायला बँकेतून डॉलर मिळणार नाहीत. त्या यादीत तांदूळ, सिमेंट, पामतेल होतं, आणि दात कोरायच्या काड्याही होत्या. आम्ही ती यादी छापून ऑफिसच्या भिंतीवर लावली होती. काड्यांपाशी कोणीतरी लाल पेनाने उद्गारचिन्ह काढलं होतं.

आमचा कच्चा माल म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचा दाणा. तो यादीत नव्हता, म्हणून कागदोपत्री आम्हाला अधिकृत भावाने डॉलर मिळायला हवे होते. त्यासाठी ‘फॉर्म एम’ भरायचा, बँकेत द्यायचा आणि वाट बघायची. बँकेचा माणूस सभ्य होता. दर सोमवारी सांगायचा, या आठवड्यात होईल. फेब्रुवारी २०१७ मध्ये अधिकृत भाव होता ३०५ नायराच्या आसपास आणि बाजारात, म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या, उत्तरेकडच्या हौसा समाजातल्या सराफांकडे, ज्यांना लागोसमध्ये सगळे ‘अबोकी’ म्हणतात, त्यांच्याकडे भाव पाचशेच्या वर. मी एका संध्याकाळी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. ज्याला अधिकृत भावाने एक लाख डॉलर मिळाले, त्याने ते बाहेर विकले तर त्याला साधारण दोन कोटी नायरा सुटतात. एकही पोतं न विणता. तेवढा निव्वळ नफा काढायला आमच्या यंत्रांना तीन पाळ्यांत कित्येक महिने खडखडावं लागायचं.

तो कागद मी मालकांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “हे मला दहा वर्षांपूर्वीच कळलंय, म्हणून तर माझ्या ओळखीतले निम्मे लोक कारखाना बंद करून ट्रेडिंगमध्ये गेले.” भाव दोनच असायचे असंही नाही. आयातदारांना एक, गुंतवणूकदारांना दुसरा, मक्का आणि जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंना तिसरा. प्रत्येक भावाच्या खिडकीपाशी एक शिक्का आणि शिक्का मारणारा एक माणूस. देशातली हुशार पोरं काय शिकतील? यंत्र कसं चालवायचं ते, की खिडकीपर्यंत कसं पोचायचं ते? आमच्याकडे मुलाखतीला आलेला एक तरुण इंजिनिअर सरळ म्हणाला होता, सर, मला प्रॉडक्शन नको, बँकिंगमध्ये ओळख असेल तर बघा. मला त्याचा राग आला नाही.

याची पहिली मोठी आवृत्ती १९७५ ची. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले, यादवी युद्ध संपून चारच वर्षं झाली होती, लष्करी सरकारच्या हातात कल्पनेपलीकडचा पैसा आला. सरकारने सुमारे २ कोटी टन सिमेंटच्या ऑर्डरी दिल्या, त्यातला मोठा भाग संरक्षण खात्याच्या नावावर. लागोसच्या बंदराची माल उतरवण्याची ताकद याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. शेकडो जहाजं समुद्रात नांगर टाकून उभी राहिली. करारात डेमरेज होतं, म्हणजे जहाज थांबलं की दर दिवसाचं भाडं सुरू. तेव्हा काही मालकांनी जुनाट, भंगारात जायच्या लायकीची जहाजं मुद्दाम तिकडे धाडली. सिमेंटपेक्षा थांबण्याचे पैसे जास्त मिळत होते. दमट हवेत पोती दगड झाली. त्याच जुलैत जनरल गोवॉन यांची सत्ता गेली. लागोसमधले म्हातारे डॉक कामगार ही गोष्ट अजूनही हसत हसत सांगतात.

तेलाआधी हा देश काय करत होता? पश्चिमेकडे कोको, पूर्वेला पामतेल, उत्तरेला भुईमूग. कानो शहरात शेंगदाण्याची पोती रचून पिरॅमिड उभे करत, त्यांचे फोटो जुन्या पोस्टाच्या तिकिटांवरही दिसतात. पश्चिम विभागाने कोकोच्या पैशातून १९५५ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. इबादान शहरातली ‘कोको हाऊस’ ही पंचवीसहून अधिक मजल्यांची इमारत १९६५ ची. मी ती पाहायला मुद्दाम गेलो होतो. आज तिच्या आजूबाजूला गंजलेल्या पत्र्यांचा समुद्र आहे आणि मधोमध ती उभी. त्या काळातही शेतकऱ्याला पूर्ण भाव मिळत नव्हता, सरकारी मार्केटिंग बोर्ड मधला मलिदा ठेवून घ्यायचं. पण कोको पिकला नाही तर सरकारचा खजिना रिकामा, एवढं नातं शिल्लक होतं. शेतकरी रुसला तर मंत्र्याला झोप लागत नसे.

तेल आलं आणि तो धागा तुटला. १९८० च्या सुमाराला एका डॉलरला अर्ध्याहून किंचित जास्त नायरा पडत, म्हणजे नायरा डॉलरहून महाग. अशा भावात परदेशी तांदूळ गावच्या रताळ्यापेक्षा स्वस्त पडतो. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनचा गॅस सापडल्यावर तिथल्या कारखान्यांची जी गत झाली त्यावरून या दुखण्याला ‘डच रोग’ म्हणतात. शेतकऱ्याने शेत सोडलं आणि लागोसची बस पकडली. तिथे प्रत्येकजण तुम्हाला ऐकवेल की मलेशियाने पामची रोपं आमच्याकडून नेली आणि आम्हालाच तेल विकलं. गोष्ट चटकदार आहे, खरी नाही. मलेशियातली लागवड पसरली ती जावा बेटावरच्या बोगोरच्या बागेतल्या झाडांच्या वंशातून. पण पामतेलात जगात पहिला असलेला देश ते आयात करायला लागला, हे खरं आहे.

आता भ्रष्टाचाराचं. लष्करशहा सानी अबाचा १९९८ मध्ये वारला; त्याने बाहेर नेलेले अब्जावधी डॉलर स्वित्झर्लंड, जर्सी, अमेरिका यांच्याकडून अजून हप्त्याहप्त्याने परत येताहेत. तेव्हा खाल्लं नाही असं कोण म्हणेल? तरी एक तुलना करून बघा. १९७० च्या दशकात इंडोनेशियाही तेलावर होता, तिथेही लष्करशाही होती, तिथेही खाबूगिरी जोरात. त्यांची सरकारी तेल कंपनी पर्तामिना १९७५ मध्ये कर्जात बुडाली. पण त्यांनी तेलाचा पैसा खत, कालवे आणि गावोगावच्या शाळांत घातला आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये, हातात डॉलर असतानाही, आपलं चलन मुद्दाम स्वस्त केलं, जेणेकरून शेतकरी आणि कारखानदार मरू नयेत. १९८४ च्या सुमाराला ते तांदळात स्वयंपूर्ण झाले. त्याच वर्षांत नायजेरिया महाग नायरा छातीशी धरून बसला होता. पैसा दोघांनी खाल्ला. एकाने खाऊन झाल्यावर शेतात पाणी सोडलं, दुसऱ्याने विहिरीवरचं इंजिनच विकलं. फरक मुख्यतः चलनाच्या भावात होता, आणि तो निर्णय होता, नशीब नव्हे.

पैसा वाटण्याची रीतही समजून घ्या, कारण राजकारण तिथेच शिजतं. केंद्राच्या खात्यात जमा झालेलं उत्पन्न दर महिन्याला एका समितीच्या बैठकीत वाटलं जातं. साधारण निम्मं केंद्राला, चौथाईच्या आसपास ३६ राज्यांना, पाचवा हिस्सा ७७४ स्थानिक संस्थांना. याला तिकडे ‘नॅशनल केक’ म्हणतात, अगदी रस्त्यावरचा माणूससुद्धा. १९६७ मध्ये राज्यं होती १२. १९७६ मध्ये १९ झाली, १९९१ मध्ये ३०, १९९६ मध्ये ३६. प्रत्येक नव्या राज्याला नवा राज्यपाल, नवं सचिवालय, नवा विमानतळ आणि केकचा नवा तुकडा. स्वतःचा कर गोळा करायची गरज बहुतेकांना वाटलीच नाही. तेल पडलं तेव्हा, २०१५ मध्ये, निम्म्याहून अधिक राज्यांना कर्मचाऱ्यांचे पगार देता येईनात आणि केंद्राला धावावं लागलं.

अपवाद लागोसचा. २००४ मध्ये नव्या स्थानिक संस्था बनवण्यावरून राज्याचं केंद्राशी वाजलं, राष्ट्राध्यक्ष ओबासान्जो यांनी लागोसच्या स्थानिक संस्थांचा वाटा अडवला. नाइलाजाने लागोसने कर वसुली अंगावर घेतली. तेव्हाचे राज्यपाल बोला टिनुबू, जे आज राष्ट्राध्यक्ष आहेत. आमच्या कारखान्यात कर खात्याची माणसं वर्षातून दोनदा यायची, पगारपत्रकाची पानं थुंकी लावून उलटायची, आणि मला त्यांचा भयंकर वैताग यायचा. पण त्याच वर्षांत आमच्या कामगारांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, “मी टॅक्स भरतो, माझ्या गल्लीचा रस्ता कुठाय?” हा प्रश्न नायजेरियाच्या दुसऱ्या राज्यांत मला फारसा ऐकू आला नाही.

विजेवर जरा जास्त लिहितो, कारण कारखानदाराचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. देशातल्या वीज केंद्रांची कागदावरची क्षमता १३,००० मेगावॅटच्या आसपास, प्रत्यक्ष तारांतून वाहते चार-पाच हजार. महाराष्ट्राची एकट्याची उन्हाळ्यातली कमाल मागणी २५,००० च्या वर जाते आणि लोकसंख्या नायजेरियाच्या जवळपास निम्मी, यावरून अंदाज करा. जुन्या वीज मंडळाचं नाव ‘नेपा’. ते २००५ मध्येच बदललं, वितरण २०१३ मध्ये खाजगी कंपन्यांकडे गेलं, तरी लाईट आली की आजही अख्खी गल्ली ओरडते, “अप नेपा!” पोरं तर नेपा बंद झाल्यानंतर जन्मलेली. गरिबाघरी एक छोटा, दोरी ओढून चालू करायचा जनरेटर असतो, त्याचं बाजारातलं नाव ‘आय बेटर पास माय नेबर’, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा. अख्ख्या देशाचं धोरण त्या पाच शब्दांत आहे. विहीर ज्याची त्याची, रखवालदार ज्याचा त्याचा, वीज ज्याची त्याची. आमच्या गणपतीत आरती ऐन रंगात असताना लाईट जायची. टाळ्यांचा ठेका चुकत नसे, कारण दहा सेकंदांत जनरेटर उचलणार हे लहान पोरांनाही पाठ होतं.

माझ्या खर्चाच्या तक्त्यात दाण्याखालोखाल ओळ होती डिझेलची. २०२२ च्या सुरुवातीला लिटरला तीनशे नायरांच्या आत असलेलं डिझेल जुलैपर्यंत साडेसातशेच्या पुढे गेलं. युक्रेनच्या युद्धाने कच्चं तेल महागलं होतं. म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशाला ती दिवाळी असायला हवी होती! पण नायजेरियाचं स्वतःचं शुद्धीकरण जवळपास बंद. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना इथल्या सरकारी रिफायनऱ्यांची मिळून रोज ४,४५,००० बॅरलची क्षमता, आणि दुरुस्त्यांवर वर्षानुवर्षं पैसा ओतूनही त्या गंजत पडलेल्या. कच्चं तेल जहाजाने बाहेर, पेट्रोल-डिझेल जहाजाने आत. वर दक्षिणेत नायजर नदीच्या डेल्टामध्ये विहिरीबरोबर निघणारा गॅस रात्रंदिवस जाळला जातो. १ जानेवारी १९८४ पासून तो जाळू नये असा कायदा १९७९ मध्येच झाला होता. एकीकडे ती ज्योत आणि दुसरीकडे इकेजातलं आमचं डिझेलचं इंजिन, याच्यामध्ये एक पाइपलाइन आणि परवडेल असा गॅसचा दर एवढंच हवं होतं. पण सरकारने ठरवलेल्या विजेच्या दरात गॅसवाल्याचे पैसे सुटत नव्हते. पुन्हा तेच, दोन भाव.

नायजर डेल्टाबद्दल मी कमी जाणतो, पण टाळून चालणार नाही. १९५६ मध्ये ओलोइबिरी नावाच्या खेड्यात पहिली व्यापारी विहीर लागली. त्या भागातून पुढे इतकी वर्षं देशाचा खर्च निघाला, आणि तिथल्या खाड्यांवर तेलाचा थर साचला. ओगोनी लोकांसाठी बोलणारे लेखक केन सारो-विवा यांना आठ साथीदारांसह १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये ओगोनीची तपासणी केली, तेव्हा एका वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पट निघालं. जमीन-पाणी पूर्ववत व्हायला पंचवीस ते तीस वर्षं लागतील असं त्यांनी लिहिलं. घटनेप्रमाणे तेलाच्या उत्पन्नातले किमान १३ टक्के उत्पादक राज्यांना जातात. ते राजधानीच्या शहरापर्यंत पोचतात, खाडीपर्यंत क्वचित. मग पोरं पाइपलाइन फोडतात आणि झाडीत पिंपं तापवून डिझेल गाळतात. ‘क्पो-फायर’ म्हणतात त्याला. पोर्ट हारकोर्टच्या हॉटेलात मी सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, काजळ लावावं तसं काळं झालं. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चोरी आणि बंद पडलेल्या वाहिन्यांमुळे देशाचं उत्पादन दिवसाला दहा लाख बॅरलपर्यंत खाली आलं. भाव आकाशाला आणि घागर फुटलेली.

आता पेट्रोलची सबसिडी, म्हणजे अंतराचा सगळ्यात लाडका प्रकार. २०२२ मध्ये तिच्यावर सुमारे ४.४ लाख कोटी नायरा गेले, आणि त्याच सुमारास केंद्राच्या उत्पन्नातल्या शंभरातले ऐंशीहून जास्त नायरा कर्जफेडीत जात होते. एकदा मी गाडीने सेमेची सीमा ओलांडून शेजारच्या बेनिनमध्ये कोटोनूला गेलो. रस्त्याच्या कडेला लाकडी टेबलांवर काचेच्या मोठ्या फुगीर बाटल्यांमध्ये मधासारखं काहीतरी चमकत होतं. ते पेट्रोल होतं, ‘क्पायो’, नायजेरियातून चोरून आणलेलं. नायजेरियाच्या तिजोरीतून बेनिन, टोगो आणि कॅमेरूनच्या मोटरसायकली चालत होत्या. ते पेट्रोल आयात करणारे, आयात केल्याचं नुसतं दाखवणारे, टँकर वळवणारे, सीमेवर डोळे मिटणारे, सगळ्यांचं त्या अंतरावर पोट.

मग लोक सबसिडीच्या बाजूने का उभे राहतात? जानेवारी २०१२ मध्ये गुडलक जोनाथन यांनी ती काढली, पेट्रोल ६५ वरून १४१ नायरांवर गेलं, देश रस्त्यावर उतरला आणि भाव ९७ वर आणावा लागला. तेव्हा मी नवा होतो, मलाही हे लोक अडाणी वाटले. आमच्या स्टोअरकीपरने मला शांतपणे समजावलं (तिकडे साहेबाला ‘ओगा’ म्हणतात): “ओगा, सरकार मला वीज देत नाही, पाणी देत नाही, पोराची शाळा मी पैसे भरून चालवतो. एक स्वस्त पेट्रोल तेवढं देतं. तेही काढून घेतलं तर सरकार आहे कशाला?” या प्रश्नाला अर्थतज्ज्ञांकडे अजून धड उत्तर नाही.

२९ मे २०२३ रोजी शपथविधीच्या भाषणातच टिनुबू यांनी सबसिडी संपल्याचं सांगितलं. सोळा दिवसांनी, १४ जूनला, नायरा सोडला. दोन्ही अंतरं एका महिन्याच्या आत मिटवायला घेतली. दोनशे नायरांच्या आतलं पेट्रोल पाचशेच्या आसपास गेलं, जुलैत सहाशेच्या पुढे, २०२४ च्या अखेरीस हजाराच्या घरात. डॉलर ४६० वरून फेब्रुवारी २०२४ पर्यंत दीड हजारावर. डिसेंबर २०२४ मध्ये महागाई जवळपास ३५ टक्के, खाण्यापिण्याची चाळीसच्या घरात. २०१९ मध्ये किमान वेतन ३०,००० नायरा होतं, बाजारभावाने ऐंशी डॉलरच्या थोडं वर. जुलै २०२४ मध्ये ते वाढवून ७०,००० केलं, आणि त्याचे पंचेचाळीस डॉलर झाले. पगार दुपटीहून वाढला आणि निम्मा झाला. पुढच्याच महिन्यात पोरं रस्त्यावर आली. याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो: तिथली ‘ओकाडा’, म्हणजे दुचाकी टॅक्सी, बहुतेक बजाजची बॉक्सर असते, आणि तीनचाकी ‘केके’ही बजाजचीच. नायजेरिया ही त्या कंपनीच्या सर्वांत मोठ्या निर्यातपेठांपैकी एक. नायरा कोसळला तशी तिथली मागणी आटली आणि त्याचा उल्लेख पुण्यातल्या तिमाही निकालांत व्हायला लागला.

माझं मत विचाराल तर दोन्ही निर्णय बरोबर होते आणि क्रम चुकला. आधी बसगाड्या, थेट खात्यात पैसे, निदान शाळेतलं जेवण उभं करायला हवं होतं. जखम आधी कापली आणि टाके घालायचा दोरा नंतर शोधायला निघाले. पण उलटं फिरणं याहून वाईट. अंतर पुन्हा उघडलं की खिडकीपाशी तीच माणसं रांगेत उभी असतील.

चांगल्या गोष्टीही आहेत, आणि गंमत म्हणजे त्या जिथे असं अंतर नव्हतं तिथे उगवल्या. २००१ मध्ये मोबाइलचे परवाने खुल्या लिलावात दिले आणि काही वर्षांत देश फोनवर बोलायला लागला. नॉलिवूड, म्हणजे तिथला सिनेमाचा धंदा, सरकारी अनुदानाविना उभा राहिला. लागोसच्या पोरांनी उभी केलेली पेस्टॅक ही पैसे भरून घेणारी कंपनी २०२० मध्ये अमेरिकेच्या स्ट्राइपने विकत घेतली. पण पोरं निघूनही जाताहेत. योरुबात एक शब्द आहे, ‘जापा’, पळ काढणे. आता तो इंग्लंडला जाणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांसाठी रोजच्या बोलण्यात आहे.

लागोसजवळच्या लेक्कीतल्या दांगोटे रिफायनरीबद्दल विचारणा होतेच. ६,५०,००० बॅरलची, सुमारे २० अब्ज डॉलरची, जानेवारी २०२४ मध्ये डिझेल आणि सप्टेंबरमध्ये पेट्रोल काढू लागलेली. तिच्या आखणीत आणि देखरेखीत आपली इंजिनिअर्स इंडिया लिमिटेड होती. वीकेंडला लागोसच्या भारतीय दुकानांत कढीपत्त्यासाठी झुंबड उडायची ती त्याच माणसांची. देशाला पेट्रोल घरचं मिळू लागलं हे मोठंच. तरी डोळे उघडे ठेवा. तिचे मालक अलिको दांगोटे यांनी आधी सिमेंटमध्ये हेच केलं. ज्या देशाचं बंदर १९७५ मध्ये आयात सिमेंटने तुंबलं होतं, तो आता सिमेंट निर्यात करतो. पण आयातीला कुंपण घालून हे झालं आणि घर बांधणाऱ्याला पोतं महाग पडतं ते पडतंच. शिवाय तेलाच्या देशातल्या या रिफायनरीला पुरेसं देशी कच्चं तेल मिळेना, म्हणून अमेरिकेतून तेल आणावं लागलं, हेही घडून गेलं आहे.

पुढे काय बघायचं? मी तेलाचा भाव बघत नाही. जून २०२५ मध्ये करांचे चार नवे कायदे झाले, वर्षाला आठ लाख नायरांपर्यंत कमावणाऱ्याला आयकरातून सोडलं. त्याआधी कित्येक महिने मूल्यवर्धित कर राज्यांत कसा वाटायचा यावरून उत्तरेचे राज्यपाल आणि केंद्र यांच्यात कडाक्याचं भांडण झालं. वर्तमानपत्रं ‘देश फुटतोय’ म्हणून घाबरली होती. मला ते गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यात आशादायक भांडण वाटलं, कारण पहिल्यांदाच सगळे तेलावरून नाही तर लोकांनी भरलेल्या करावरून भांडत होते. सबसिडी गेल्यापासून राज्यांच्या हातात नायरांमध्ये मोजले तर पूर्वीहून कितीतरी जास्त पैसे पडताहेत. कुठल्या राज्याने त्यातून दवाखाना चालवला आणि कुठल्याने गाड्या घेतल्या, हे मोजणारं कोणी गावागावांत तयार होतंय का, ते बघायचं.

आमचा तो स्टोअरकीपर आता निवृत्त आहे, इबादानकडच्या आपल्या गावी असतो. २०२४ मध्ये कोकोचे जागतिक भाव इतिहासात कधी नव्हते इतके चढले तेव्हा त्याचा फोन आला होता. वडिलांची, पंचवीस वर्षं रान माजू दिलेली दोन एकर बाग त्याने साफ करायला घेतली होती. “ओगा,” तो म्हणाला, “पूर्वी डॉलर चढला की मी रडायचो. आता सकाळी उठून बघतो, आज किती चढला?” रोपं लावून झाली आहेत. कोकोला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात.